पहिल्या हाफ मॅरेथॉनपासून गोव्याच्या आयर्नमॅनपर्यंत : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला, पहिला पाऊस पडला की आमच्या रविवारच्या धावण्याच्या गटात नवे चेहरे दिसू लागतात. कुणाला सप्टेंबरात साताऱ्याचा घाट गाठायचा असतो, कुणाला जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, आणि एखाद्याच्या डोक्यात थेट गोव्याचं आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत असते. प्रश्न मात्र दर वर्षी तेच. बारा वर्षं घाटात आणि गेली पाच वर्षं तलावा-समुद्रात धडपडून जे कळलं ते इथे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी फोनवर नुसती लिंक पाठवता येईल. मी डॉक्टर नाही. नोकरी करून सकाळी धावणारा माणूस आहे.

मला सलग एक किलोमीटरही धावता येत नाही. मॅरेथॉनचा विचार करू का?

करा, फक्त येत्या जानेवारीचा करू नका. आधी तीन-चार आठवडे रोज अर्धा तास झपझप चाला. मग एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास. दर आठवड्याला धावण्याचा वाटा थोडा वाढवत न्या. बहुतेकांचे तीन महिन्यांत सलग पाच किलोमीटर होतात. पाचावरून दहा आणि दहावरून एकवीस, या सगळ्याला मिळून आठ-दहा महिने धरा. पूर्ण मॅरेथॉन त्याच्या पुढच्या वर्षी.

‘सोफ्यावरून उठून तीन महिन्यांत ४२’ असल्या कहाण्या व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्या माणसाचे पुढचे सहा महिने फिजिओच्या टेबलावर गेले, हे त्या मेसेजात कुणी लिहीत नाही. धाप लागणं लवकर कमी होतं, स्नायूही दोन-तीन महिन्यांत तयार होतात. पण हाडं आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे फार सावकाश घट्ट होतात. दम आहे म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि नडगी नाहीतर टाच बोलू लागते. आमच्या गटातल्या दहातल्या सात दुखापतींचं मूळ हेच.

मॅरेथॉन, ट्रायथलॉन, आयर्नमॅन – अंतरं नक्की किती?

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर आणि हाफ तिच्या बरोबर निम्मी. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला. शर्यत विंडसर किल्ल्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपली, तेव्हाचं हे अंतर. १९२१ मध्ये ते कायमचं ठरलं. म्हणून ‘पाच किलोमीटरची मॅरेथॉन’ असं काही नसतं. तरी आपल्याकडे वाढदिवसापासून वर्धापनदिनापर्यंत सगळ्या निमित्तांनी ती भरवली जाते, त्याला इलाज नाही.

ट्रायथलॉनमध्ये पोहणं, सायकल, धावणं, याच क्रमानं. स्प्रिंटला ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. ऑलिंपिक अंतर त्याच्या दुप्पट. २००० साली सिडनीत ते पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. हाफ आयर्नमॅन म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. मैलांत बेरीज ७०.३ येते, म्हणून नावात तो आकडा. गोव्यात होते ती हीच. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट आणि वेळ साधारण १७ तास. १९७८ साली हवाई बेटांवर पहिली शर्यत झाली तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जण पोचले.

मराठी घरांत हा शब्द रुजला तो २०१५ मध्ये मिलिंद सोमणनं झ्युरिकची शर्यत पन्नासाव्या वर्षी १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली तेव्हापासून. पुण्याचे कौस्तुभ राडकर त्याच्या कितीतरी आधीपासून ही शर्यत करत होते आणि त्यांच्या नावावर वीसहून जास्त पूर्ण आयर्नमॅन आहेत.

पोहणंच पहिलं का?

दमलेला माणूस रस्त्यावर बसू शकतो. पाण्यात बसता येत नाही.

डॉक्टरांना दाखवायलाच हवं का? मला काहीच होत नाही.

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर पहिल्या लाँग रनच्या, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब धावेच्या आधी ईसीजी, टूडी इको आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. तिशीतल्यांनीही रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन एवढं पाहावं. धावताना छातीत दाब येणं, जबडा किंवा डावा हात भरून येणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं – हे ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही. तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं.

धावून धावून गुडघे झिजतात म्हणे?

हे सांगणाऱ्या काकांचे स्वतःचे गुडघे बहुधा न धावताच गेलेले असतात. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हौशी धावपटूंमध्ये खुबा आणि गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के दिसलं आणि बैठ्या माणसांत १०.२ टक्के. मात्र उच्च स्तरावर स्पर्धा करणाऱ्यांत ते १३.३ टक्के होतं. म्हणजे बेताचं धावणं गुडघ्याला मानवतं. आधीच गुडघा दुखत असेल किंवा वजन बरंच जास्त असेल तर सुरुवात चालणं आणि सायकलनं करा, आणि मांड्या-नितंबांचे व्यायाम आठवड्यातून दोनदा. जोर-बैठकांतल्या बैठका आपल्याकडे आहेतच, त्यासाठी जिमची पावती फाडायची गरज नाही.

किती वेगानं धावायचं?

सोबत्याशी पूर्ण वाक्यांत भांडता आलं पाहिजे, एवढ्या वेगानं. एकटे असाल तर एखादा अभंग गुणगुणून बघा. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. आठवड्याच्या एकूण धावण्यातलं साधारण ऐंशी टक्के धावणं असं निवांत हवं. उरलेल्यात टेंपो (सलग जरा जोरात), इंटरव्हल (जोरात आणि सावकाश आलटून-पालटून), चढ.

हे ऐकून सगळे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर शेजाऱ्याचा वेग बघून सुसाट सुटतात. निवांत धावण्यानं स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, पेशींची चरबी जाळायची क्षमता वाढते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावता येतं. रोज मध्यम-जोरात धावणारा माणूस या सगळ्याला मुकतो. खऱ्या कठीण दिवशी त्याच्या पायांत काही उरत नाही आणि निवांत दिवशीही विश्रांती मिळत नाही. मी स्वतः पहिली तीन वर्षं असाच धावलो आणि माझी वेळ तीन वर्षं तिथल्या तिथे राहिली.

आठवड्याचं वेळापत्रक कसं असावं?

नोकरदाराला चार दिवस पुरतात. मंगळवारी काहीतरी वेगाचं, गुरुवारी निवांत, शनिवारी छोटं, रविवारी लाँग रन. मधल्या दोन दिवशी ताकदीचे व्यायाम. एक दिवस काहीही नाही, म्हणजे खरोखर काहीही नाही. आठवड्याचं अंतर मागच्यापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावं आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करावं. हा काही दगडावर कोरलेला नियम नाही, पण उतावळ्या माणसाला लगाम म्हणून चांगला आहे.

मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी १८ आठवडे धरले तर सप्टेंबरच्या मध्यावर सुरुवात येते. मध्ये नवरात्र, दिवाळी, लग्नसराई सगळं येणार हे गृहीत धरून दोन-तीन आठवडे बुडीत खात्यात टाकूनच आखणी करा. सर्वांत लांब धाव ३० ते ३२ किलोमीटरची. सरावात ४२ धावून बघायची नाहीत. त्यानं फक्त थकवा साठतो.

पहिली स्पर्धा कोणती निवडू?

घराजवळची, सपाट, दहा किलोमीटरची. नाव मोठं नसलं तरी चालेल. पाण्याची टेबलं वेळेवर लागतात आणि रुग्णवाहिका असते, एवढं मागच्या वर्षी धावलेल्यांना विचारून घ्या. एका गावात एकदा मी पाच पाणीकेंद्रांपैकी दोन रिकामी पाहिली आणि तिसऱ्यावर फक्त स्वागताचा फलक होता.

मोठ्यांत पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सर्वांत जुनी, १९८३ पासूनची. मुंबईची २००४ मध्ये सुरू झाली, ती आता जानेवारीत होते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. वसई-विरारची डिसेंबरात असते आणि मुंबईआधीची रंगीत तालीम म्हणून अनेक जण ती करतात.

साताऱ्याचा घाट खरंच तेवढा अवघड आहे का?

चढ आपल्याला वाटतो तेवढा नाही, उतार वाटतो त्यापेक्षा अवघड. शहरातून बाहेर पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो आणि कासच्या रस्त्यानं वर जाऊन त्याच वाटेनं परत यायचं असतं. म्हणजे पहिली निम्मी शर्यत मुख्यतः चढाची. धुकं, भुरभुर पाऊस, दोन्ही बाजूंना हिरवं, गावकरी ढोल-लेझीम घेऊन उभे. या सगळ्यानं अंगात येतं आणि माणूस पहिल्या पाच किलोमीटरमध्येच सगळा खजिना उधळतो.

चढावर पावलं छोटी, नजर दहा-पंधरा फुटांवर, हात थोडे जोरात. घड्याळ बघू नका, श्वास बघा. खडा चढ आला तर चालायला लाजू नका. झपझप चालणारा कित्येकदा धापा टाकत धावणाऱ्याच्या पुढे असतो. वळल्यावर मात्र खरी गंमत सुरू होते. उतारावर मांडीचे स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार झेलत असतात आणि त्यातच ते सर्वांत जास्त मार खातात. टाचेवर आपटत, मागे झुकून ब्रेक लावत उतरलात तर शेवटच्या तीन किलोमीटरला पाय लाकडाचे होतात. अंग किंचित पुढे, पावलं छोटी आणि भराभर. सरावात महिन्यातून दोनदा तरी घाट उतरून बघा. पुण्याचे लोक सिंहगडाच्या रस्त्यावर करतात, कोल्हापूरचे पन्हाळ्याच्या.

आणि याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे ललिता बाबरचं गाव. तिनं २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांचा गट जिंकला, मग स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीकडे वळून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. माणचा माळ काही घाटासारखा हिरवागार नाही. दुष्काळी, उघडा-बोडका रस्ता आहे तो.

मुंबईत दमट हवेनं हाल होतात. काय करायचं?

घाम गळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. साताऱ्या-नाशकाकडून थंडीत सराव करून आलेल्यांना हे पहिल्या दहा किलोमीटरमध्येच कळतं. उष्ण-दमट हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढी रजा कोण देणार? मग निदान शेवटच्या पंधरवड्यात काही धावा सकाळी नऊ-दहाला करा आणि शर्यतीत ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद सावकाश निघा.

पूर्ण मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटरच्या पुढे, पेडर रोडचा चढ येतो. एरवी टॅक्सीतून जाताना तो चढ आहे हेसुद्धा लक्षात येत नाही. माझ्या पहिल्या मुंबईत मी तो चढ एका अनोळखी आजींनी दिलेला चिक्कीचा तुकडा चघळत, अक्षरशः कठड्याला धरून चढलो. हाफवाल्यांची शर्यत बरीच वर्षं माहीमच्या रेतीबंदरावरून सुटते आहे, त्यांना सी-लिंकवरचा वारा लवकर मिळतो. मार्ग आणि वेळा दर वर्षी तपासून घ्या.

तीस किलोमीटरनंतर ‘भिंत’ लागते म्हणजे काय होतं?

हिशेब सोपा आहे. धावताना वजनाच्या किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी २,७०० च्या आसपास. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, २,००० कॅलरींच्या आसपास असते. चरबी अमाप असते, पण ती हळू जळते. वेग वाढवला की शरीर साखरच मागतं. साठा संपला की पाय जड, डोकं सुन्न, आणि ‘मी हे का करतोय’ हा प्रश्न.

उपाय दोनच. सुरुवात सावकाश करणं आणि वाटेत खात राहणं. पाच तासांत संपवायचं असेल तर किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद हा वेग पुरतो. पहिले पाच किलोमीटर साडेसहानं गेले म्हणजे वेळ ‘कमावला’ असं वाटतं. शेवटी तो वेळ चक्रवाढ व्याजानं परत द्यावा लागतो.

वाटेत काय खायचं? धावपटूंच्या पाकिटातलं गोड जेल परवडत नाही आणि जातही नाही.

दीड तासापेक्षा जास्त चालणाऱ्या शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. एका मध्यम केळ्यात २५ च्या आसपास असतात. खजूर, गुळाची चिक्की, खारवलेले उकडलेले बटाटे हे सगळं चालतं. चिक्कीचा तोटा एवढाच की धाप लागलेली असताना ती घशात अडकते. चुरा करून पुडीत ठेवा. जेल खायचंच तर पाण्याबरोबर खा, नाहीतर पोटात कालवाकालव. काहीही असो, लाँग रनमध्ये पाच-सहा वेळा खाऊन पाहिल्याशिवाय शर्यतीत तोंडात घालायचं नाही.

आदल्या दिवशी वरण-भात, दही-भात, मऊ पोळी, बटाट्याची भाजी. मिसळ, उसळ, कोशिंबिरी, नवीन हॉटेल, सगळं दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवा. भाकरी एरवी उत्तम, पण आदल्या रात्री चोथा कमी बरा. सकाळी शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी थोडे पोहे, उपमा किंवा केळं आणि गूळ लावलेली पोळी. पहाटे दोनला उठून पोहे करायचे म्हणजे घरातलं कुणीतरी उठतं, हे लक्षात ठेवून आदल्या रात्री कांदा स्वतः चिरून ठेवा. साबुदाण्याच्या खिचडीवर आमच्या गटात दोन तट आहेत. माझ्या पोटाला ती जड जाते.

पाणी किती प्यायचं? मी दर टेबलावर पितो.

तहान लागेल तेवढं. दर टेबलावर दोन-दोन ग्लास ढोसणं धोक्याचं आहे. घामावाटे मीठ जातं, वरून नुसतं पाणी भरलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. पुढे झटके, बेशुद्धी, क्वचित मृत्यूही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. यात सर्वांत जास्त फसतात ते चार-पाच तास लावणारे हौशी लोक. पुढे पळणाऱ्यांना तेवढं प्यायला वेळच नसतो. सरावाआधी आणि नंतर वजन करून बघा. नंतरचं वजन वाढलेलं असेल तर तुम्ही जास्त पिता आहात.

ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घाला, अर्ध्या बाटलीत ओतू नका. त्यातून मीठ मिळतं, पण लिटरमागे साखर फक्त साडेतेरा ग्रॅम, म्हणजे ते इंधन नव्हे. खोक्यातली गोड सरबतं ओआरएस म्हणून विकली जायची, ते नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये मनाई केली. तरी पुडी बघूनच घ्या. शर्यतीनंतर मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ताक, याला माझ्या मते तोड नाही.

सकाळी एक वेदनाशामक गोळी घेऊन उभं राहिलं तर?

नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या निर्जलीकरणात मूत्रपिंडाला आणि पोटाच्या अस्तराला त्रास देतात. गोळीशिवाय उभं राहता येत नसेल तर घरी राहा.

बूट?

कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बनची पट्टी असलेले बूट सोडा. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. ५०० ते ८०० किलोमीटरला जोडी बदला. नवी जोडी शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालणारा दर वर्षी एक तरी सापडतोच. पावसात भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं बदला. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्यात पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावावी. हसू नका, शर्टावर रक्ताच्या दोन रेघा घेऊन फोटोत आलेला मीच आहे.

पहाटे एकटीनं धावायला भीती वाटते.

ती भीती चुकीची नाही, आणि ‘हिंमत ठेव’ हे काही त्यावरचं उत्तर नाही. गट धरा. बहुतेक शहरांत बायकांचे स्वतंत्र गट आहेत. गट नसेल तर पोलीस मैदान, विद्यापीठाचा परिसर, क्रीडासंकुलाचा ट्रॅक. दिवे आणि माणसं असलेली जागा. एका कानातला हेडफोन काढून ठेवा. कुत्री मागे लागली तर धावू नका, थांबा, तोंड त्यांच्याकडे ठेवून हळू मागे सरका. चावलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी लस घ्या.

पाळीच्या दिवसांत धावायला हरकत नाही, झेपेल तसं. पण सराव वाढवल्यावर पाळी लांबत गेली किंवा थांबली तर ती ‘फिटनेसची खूण’ नाही. खाणं कमी पडतंय आणि हाडं झिजतायत याचा तो इशारा असतो. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन अनेकदा मुळातच कमी असतं. ‘दम वाढत नाही’ म्हणून सराव वाढवण्याआधी रक्त तपासा.

डेंगी-चिकनगुनिया झाला, आठ आठवडे राहिलेत. काय करू?

यंदाची शर्यत सोडा. ताप उतरला म्हणजे बरं झालं असं नसतं. विषाणूच्या आजारात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्यात धावणं जिवावर बेतू शकतं. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात. डॉक्टरांनी होकार दिल्यावर चालण्यापासून पुन्हा सुरुवात. प्रवेशशुल्क बुडालं याचं दुःख आठवडाभर टिकतं.

विहिरीत पोहायला शिकलोय. ट्रायथलॉनला तेवढं पुरेल?

पाण्याची भीती नाही ही फार मोठी जमा आहे. शहरी मुलांना तेच शिकायला महिने लागतात. पण डोकं वर ठेवून हातपाय मारण्यानं १.९ किलोमीटर होणार नाहीत. डोकं वर गेलं की पाय खाली जातात आणि माणूस पाणी कापण्याऐवजी पाणी ढकलत राहतो. फ्रीस्टाइल नव्यानं शिका, तोंड पाण्यात, श्वास बाजूला वळून, पाण्यात असताना सतत उच्छ्वास. पोहण्यात दमापेक्षा पद्धतीला महत्त्व जास्त, म्हणून इथे शिकवणाऱ्याचे पैसे वाचवू नका. २५ मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या. गोव्यात पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं मिळतात, म्हणजे १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४० सेकंद. हा वेग आवाक्यातला आहे.

तलावात जमतं, समुद्रात घाबरायला होतं.

होणारच. तळ दिसत नाही, भिंत नाही, खारं पाणी नाकात, आणि शेजारच्याची टाच गॉगलवर. पणजीच्या मीरामार किनाऱ्यावर मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा शंभर मीटरवर छाती आवळून आली. पाठीवर उलटा झालो, वीस श्वास मोजले, मग ब्रेस्टस्ट्रोकनं पुढे गेलो. नियमात हे चालतं. बचावाच्या कयाकला, म्हणजे छोट्या होडीला धरून थांबलात तरी चालतं, फक्त तिला पुढे ओढून घ्यायचं नाही. दर आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्यावर काढून मार्ग दाखवणारा तरंगता बोया बघायचा, नाहीतर १.९ चे सव्वादोन होतात. कडेला, थोडं मागून सुरुवात करा. शर्यतीआधी किमान चार-पाच वेळा समुद्रात पोहून बघा. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होतात, त्या यासाठी छान. एकट्यानं मात्र कधीही नाही, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही.

वेटसूट, म्हणजे पोहण्याचा घट्ट रबरी पोशाख, विकत घेऊ नका. हौशी गटात पाणी २४.५ अंशांच्या वर गेलं की तो चालत नाही, आणि गोव्याचं पाणी त्यापेक्षा कोमट असतं.

लाखभराची सायकल हवीच का?

नाही. चांगल्या स्थितीतली साधी रोडबाईक, जुनी घेतली तरी उत्तम. सरळ हँडलच्या हायब्रिड सायकलवरही लोक पूर्ण करतात, फक्त वाऱ्याशी जास्त भांडावं लागतं. पैसे उरले तर आधी सायकल अंगाला बसवून घेण्यावर, मग पॅड असलेल्या चड्डीवर, मग टायरवर खर्च करा. पंक्चर काढायला शिका आणि डोळे मिटून सात मिनिटांत ट्यूब बदलता येईपर्यंत सराव करा. शर्यतीत बाहेरच्या कुणाची मदत घेतली तर बाद. ताशी २३-२४ चा वेग नव्वद किलोमीटर टिकवता आला की गोव्याची साडेआठ तासांची एकूण मुदत आवाक्यात येते.

सायकलवरून उतरल्यावर पाय माझे राहत नाहीत.

सगळ्यांचं होतं. म्हणून ‘ब्रिक’ करायचं. सायकल संपली की लगेच बूट बदलून दोन-तीन किलोमीटर धावायचं, आठवड्यातून एकदा. पहिली दहा मिनिटं पाय विटांसारखे लागतात, नंतर सुटतात. सायकलवर शेवटचे पाच मिनिटं हलका गिअर ठेवा. आणि खाणं सायकलवरच उरकून घ्या, धावताना पोट ऐकत नाही.

नवख्यांना कोणत्या नियमात दंड बसतो?

पुढच्या सायकलच्या आडोशानं जाण्यात. हौशी गटात बारा मीटर अंतर ठेवायचं. त्या टापूत शिरलात तर २५ सेकंदांत पुढे निघून जायचं, नाहीतर पाच मिनिटं दंडाच्या तंबूत. आपल्या गटातल्या रविवारच्या राईडला चिकटून चालवायची सवय असते, तीच इथे नडते. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. जेलचं पाकीट रस्त्यावर टाकायचं नाही. हेडफोन नाही.

गोवाच का?

२०१९ च्या ऑक्टोबरात भारतातलं पहिलं ७०.३ तिथे झालं, तोपर्यंत आपल्या लोकांना त्यासाठी परदेशी जावं लागे. आता कोल्हापूर-पुण्याहून सायकल गाडीवर बांधून रातोरात जाता येतं. प्रवेशशुल्क पाच आकडी आहे, वर राहणं आणि सर्व्हिसिंग. मनापासून सांगतो, पहिली हाफ मॅरेथॉन झाल्या झाल्या नोंदणी करू नका. एक वर्ष पोहण्याला द्या, मध्ये एखादं स्प्रिंट किंवा ऑलिंपिक अंतर करा.

अर्ध्यात सोडावं लागलं तर लोक काय म्हणतील?

चार दिवस विचारतील, मग विसरतील. उलटी थांबत नसेल, घाम बंद होऊन अंगावर काटा येत असेल, पाय वेडेवाकडे पडत असतील, तर बिबवरचा, म्हणजे छातीवरच्या पट्टीवरचा नंबर दाखवून रुग्णवाहिकेत बसा. मी दोनदा बसलो आहे. एकदा बसायला हवं होतं तेव्हा बसलो नाही, आणि सलाईन लावून घरी आलो. ते घरच्यांना अजून आठवतं.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. यावर काही आहे का?

उलटं उतरा, कठडा धरून. मुंबईत त्याच दिवशी लोकल पकडायची असेल तर सीएसएमटीचा एक फायदा आहे, गाडीपर्यंत सपाट चालत जाता येतं. दादरला उतरून पूल चढायचा असेल तर मेडल गळ्यातच राहू द्या, लोक वाट देतात.